न विचारता खणायची जमीन

मिस एर्मिनांच्या वर्गात एकच नियम होता: प्रश्न विचारायचा आणि मग तोंड मिटायचं. पहिला भाग पोरांना दोन दिवसांत जमला, दुसऱ्याला दोन महिने लागले. केल्डनला तर तो अजूनही पुरता जमलेला नव्हता.

शिक्षण खात्यानं पाठवलेल्या पुस्तिकेत या पद्धतीला ‘डिझाइन थिंकिंग’ असं भारदस्त नाव होतं आणि खाली रंगीत बाणांच्या आकृत्या होत्या. मिस एर्मिनांनी पहिल्याच तासाला ती पुस्तिका डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. मग पोरांना सरळ सांगितलं, की ज्याची अडचण आहे त्याच्या दारात जा, विचारा, ऐका, काहीतरी करून बघा, ते त्यालाच दाखवा आणि त्यानं नाक मुरडलं तर पुन्हा करा. विषय गावाच्या पोटाचा होता. पाच वर्षांपूर्वीच्या वादळानंतर बेलमोर्नमध्ये माणसं उपाशी का राहिली, आणि पुढच्या वादळात राहू नयेत म्हणून काय करायचं?

केल्डनकडे पहिल्याच दिवशी उत्तर तयार होतं. चर्चच्या तळघरात डबाबंद अन्नाचं कोठार, त्याला लोखंडी दार, वर सौर दिवे. चित्र इतकं झकास काढलं होतं की वर्गानं टाळ्या वाजवल्या. मिस एर्मिनांनीही वाजवल्या आणि मग विचारलं, “किल्ली कुणाकडे?” केल्डन म्हणाला, फादरकडे. फादर राहतात कुठे? खाली शहरात, वादळात तुटलेल्या पुलाच्या पलीकडे. वर्ग खो-खो हसला. केल्डनही हसला आणि चित्राची घडी करून त्यानं खिशात घातली.

त्यानंतर पोरं खरोखर दारोदार गेली. एक्केचाळीस घरं झाली. लोक पोरांना बसवून घेत, कोको पाजत, आणि वादळाची गोष्ट सुरू झाली की अंधार पडेपर्यंत सोडत नसत. त्या सगळ्या वह्यांतून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वर आली. सगळ्यात जास्त हाल वरच्या वाडीतल्या सात घरांचे झाले होते. वाट खचली आणि नऊ दिवस तिथं कुणी पोचलं नाही. पण वाडीच्या खालीच, दोनशे पावलांवर, सगळे ज्यांना पा म्हणत त्या म्हाताऱ्या ओव्हिडच्या रानात डशीनचे गड्डे मातीत शाबूत होते. वादळानं वरची अळूसारखी पानं फाडली होती, खालच्या कंदाला धक्काही लागला नव्हता.

“मग खणले का नाहीत?” केल्डननं डेल्फाला विचारलं. डेल्फा वरच्या वाडीची, तेव्हा दहा वर्षांची होती.

“आमचे नव्हते,” डेल्फा म्हणाली.

तिच्या जागी असते तर सगळ्यांनी हेच उत्तर दिलं असतं. बेलमोर्नमध्ये वाटेवर पडलेला आंबा कुणीही उचलावा, त्याला कुणी हरकत घेत नाही. पण दुसऱ्याच्या मातीतल्या कंदाला हात लावला तर ती चोरी, आणि मग तुमच्या नातवंडांच्या लग्नातही कुणीतरी त्याची आठवण काढणार. मिस एर्मिनांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘अन्न होतं. परवानगी नव्हती.’ पंधरा वर्षं त्या शिकवत होत्या, पण एखादा वर्ग इतका खोल पोचल्याचं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

पुढचं भराभर झालं. डोंगरवाटेच्या कडेला आठ जणांची रानं होती. प्रत्येकानं वाटेलगतची वीस पावलं जमीन गावासाठी सोडायची. फेब्रुवारीत डशीन लावलं की सप्टेंबरात, वादळांच्या ऐन तोंडावर, कंद तयार. वादळ आलं, वाट तुटली, की त्या पट्टीतलं कुणीही खणावं, कुणालाही न विचारता. लावणी कूदमेनं करायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून राबायचं आणि जमीनवाल्यानं हंडा चढवायचा. सात जण लगेच तयार झाले. खरा प्रश्न पा ओव्हिडचा होता. वरच्या वाडीला लागून त्यांचंच रान, दरड कोसळली तर बाकीच्या सात पट्ट्यांचा त्या घरांना काडीचा उपयोग नव्हता. पंच्याहत्तरीचा तो म्हातारा तासभर डेल्फाचं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, “घ्या वीस पावलं.” त्या दिवशी मिस एर्मिना स्वतःच्या खर्चानं सगळ्या वर्गाला नारळाच्या वड्या वाटून घरी गेल्या.

माशी शिंकली ती इथून पुढे. पट्टी ओळखायची कशी? खूण हवी, आणि ती वादळात टिकायला हवी. पाटी उडून जाईल, दोरी तुटेल. डेल्फानं सुचवलं की लाल ड्रॅगन लावू. लाल पानांचं ते काटक झुडूप वादळात वाकतं पण मोडत नाही, लांबून दिसतं, आणि नुसती काठी खोचली तरी मूळ धरतं. मिस एर्मिना शहरात वाढलेल्या. तिथं ते झुडूप हॉटेलांच्या दारात कुंड्यांतून दिसतं. त्या म्हणाल्या, शाबास. गुरुवारी दुपारी पोरांनी स्मशानाच्या कुंपणाला लावलेल्या ड्रॅगनच्या काठ्या छाटल्या आणि आठही पट्ट्यांच्या चारी कोपऱ्यांत खोचल्या. आधी नेऊन कुणाला दाखवायला मात्र बाईही विसरल्या आणि पोरंही.

शुक्रवारी सकाळी शाळेच्या फाटकात पा ओव्हिड उभे होते. काखेत उपटलेल्या चार काठ्या होत्या, टोकांना माती तशीच. मागे बाकीचे सात जमीनवाले.

बेलमोर्नमध्ये अर्ध्याअधिक जमिनींना कागद नाही. लाल ड्रॅगन हाच कागद. आजोबानं हद्दीवर लावायचा आणि नातवानं त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचं, इथपर्यंत आपलं. एक काठी दोन हात सरकली म्हणून दोन घरं तीस वर्षं एकमेकांच्या मयतीला गेलेली नाहीत. दुसऱ्याच्या रानात ड्रॅगन खोचणं म्हणजे एवढा तुकडा आजपासून माझा, असं छातीठोक सांगणं. डेल्फाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, गावातल्या प्रत्येक पोराला असतं. गावात ज्या खुणेचा सगळे मान राखतात तीच लावावी, एवढा सरळ विचार तिनं केला होता. तो जमीनवाल्याला कसा दिसेल हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

“बाई,” पा ओव्हिड शांतपणे म्हणाले, “मी वीस पावलं द्यायला निघालो होतो. तुम्ही घ्यायला आलात.”

त्यांनी पट्टी परत घेतल्याचं सांगितलं. मागच्यांनीही माना डोलावल्या. उद्या, फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी, ठरलेली लावणी रद्द म्हणजे वर्ष गेलं, कारण मार्चात लावलेला कंद सप्टेंबरात पुरता भरलेला नसतो. डेल्फाला रडू फुटणार हे मिस एर्मिनांना दिसलं, आणि त्यांना स्वतःचाच संताप आला. पण त्या खचणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोन महिने पोरांना जे शिकवलं ते आज कामी आलं नाही तर केव्हा येणार?

“चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “खोचण्याआधी तुम्हाला दाखवायला हवं होतं. आता आलाच आहात तर आत बसा. आमचा तास आहे.”

म्हातारी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून कशीबशी बसली. मिस एर्मिनांनी डेल्फाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, विचार. डेल्फा उठली.

“पा ओव्हिड, इथं कुणीही खणलं तरी ती चोरी नाही, असं तुम्हाला काय दिसलं म्हणजे वाटेल?”

आणि तिनं तोंड मिटलं. केल्डनचे ओठ हलले तशी मिस एर्मिनांनी त्याच्या खांद्यावर हात दाबला. त्यांना स्वतःलाही दहा उत्तरं सुचली होती, ती त्यांनी गिळली.

शेवटी मा सिल्वी बोलल्या. पा ओव्हिडच्या खालचं रान त्यांचं. “दिसून काय होतंय? कूदमेला मी ओव्हिडच्या रानात राबते. मग त्याच्या हंड्यातलं घेताना मी विचारते का?”

“विचारलंस तर मीच ओरडेन,” पा ओव्हिड गुरगुरले.

“मग झालं तर. जिथं माझा घाम पडला तिथं मला खूण कशाला?”

वर्गात कुजबुज सुरू झाली. केल्डननं खांद्यावरचा हात झटकला. “मिस, मग आपली पट्टी आपण लावायचीच नाही. दुसऱ्यांनी लावायची. पा ओव्हिडची वरच्या वाडीनं, मा सिल्वींची पा ओव्हिडनी.” आयुष्यात पहिल्यांदा त्यानं वेळेवर तोंड उघडलं होतं. पोरं फळ्याकडे धावली. कुणी कुणाची पट्टी लावायची हे दोनदा लिहून दोनदा पुसलं, कारण सिल्वी उथळ लावते, ती माझ्या बहिणीच्या रानात नको, असं पा ओव्हिडनी ठणकावलं. मा सिल्वींनी त्यावर त्यांच्या गेल्या साली कुजलेल्या याम कंदांची आठवण काढली. मिस एर्मिना मागच्या बाकावर जाऊन बसल्या. आता त्यांची तिथं गरज उरली नव्हती.

पण पा ओव्हिडनी हो म्हटलेलं नव्हतं. उठता उठता ते डेल्फासमोर थांबले.

“नऊ दिवस काय खाल्लंत?”

“हिरव्या पपया. मग त्यांची सालं.”

“माझं रान दिसत होतं?”

“आमच्या अंगणातून दिसतं, पा.”

“खणायचं होतंस.”

“तुमचं होतं.”

म्हाताऱ्यानं काठ्या उचलल्या आणि तो निघून गेला.

शनिवारी सकाळी मिस एर्मिना डोंगरवाट चढू लागल्या. काल वर्गात किती का ठरेना, पा ओव्हिडच्या पट्टीवाचून सगळं फुकट होतं. वळण ओलांडलं आणि आधी धूर दिसला. तीन दगडांवर मोठा हंडा चढला होता, त्यात हिरवी केळी आणि खारवलेला मासा रटरटत होता. बाजूला पा ओव्हिड पळीनं मीठ चाखत होते. बाईंना बघून ते एवढंच म्हणाले, “उशीर केलात. वरची माणसं केव्हाच वाकलीत.”

सातही घरं पट्टीत राबत होती. डेल्फाची आई कोंब लावत होती, केल्डन अंतर मोजत होता आणि सगळ्यांना चुका सांगत होता. दुपारपर्यंत वीस पावलं भरली. हंडा उतरायच्या आधी पा ओव्हिडनी डेल्फाला हाक मारली आणि तिला पट्टीच्या बाहेर, आपल्या रानात नेलं. तिथं जुनं, तयार झालेलं डशीन उभं होतं. त्यांनी तिच्या हातात कुदळ दिली.

“खण.”

“पा, हे पट्टीत येत नाही. हे तुमचं आहे.”

“म्हणूनच सांगतोय.”

डेल्फानं मिस एर्मिनांकडे पाहिलं. बाई मुद्दाम हंड्याकडे बघत राहिल्या. पोरीनं कुदळ उचलली, पाती मातीला टेकवली आणि सवयीनं थांबली. “खणू?”

“विचारू नकोस,” म्हातारा म्हणाला. त्यानं दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. “आजच सवय कर. वादळात विचारायला मी असेन, नसेन.”

सगळ्यांची कामं थांबली होती. डेल्फानं घाव घातला, मग दुसरा. माती मोकळी झाली तशी ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. केसाळ, तान्ह्या पोराएवढा कंद मातीसकट वर आला. तिनं तो पा ओव्हिडपुढे धरला. त्यांनी हात पुढे केले नाहीत.

“आईकडे घेऊन जा,” ते म्हणाले. “तिला सांग, ओव्हिडनं पाच वर्षं उशीर केला.”

आई पट्टीतच होती, चार पावलांवर, आणि तिनं ते ऐकलं होतं. तरी डेल्फा कंद छातीशी धरून तिच्यापर्यंत चालत गेली आणि तिनं निरोप शब्दाला शब्द सांगितला.