आपल्या माणसाची गाडी

पद्मिनीने फाइल उघडून टेबलावर एकच कागद ठेवला आणि बोटाने तो पलीकडे सरकवला.

अनन्याने तो वाचला, उलटा करून पाहिला आणि मग फाइलमध्ये आणखी काही आहे का, म्हणून वाकून बघितलं.

"मावशी, बाकीचे?"

"बाकीचे नाहीत."

"पण तू म्हणालीस चार वेळा गाडी दुरुस्तीला नेली."

"चार वेळा नेली. कागद एकदाच मिळाला."

अनन्या ही पद्मिनीच्या मैत्रिणीची मुलगी. इथेच टेक्सासमध्ये जन्मली, इथेच वकील झाली. नव्या गाड्यांमधले दोष कंपन्यांच्या गळी उतरवायचे, हेच तिचं काम. तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लॉ सिंपल आहे मावशी. नवीन गाडीत सीरियस डिफेक्ट असेल आणि डीलरला चान्स देऊनही तो फिक्स होत नसेल, तर कंपनीने गाडी परत घ्यायची. लेमन लॉ. पण चान्स दिला हे दाखवावं लागतं. इतका डेंजरस प्रॉब्लेम आहे, तरी मिनिमम दोन वेळा. तुझ्याकडे एक आहे. आणि त्यावर काय लिहिलंय? दोष आढळला नाही."

"त्या दिवशी संग्राम रजेवर होता," पद्मिनी म्हणाली. "म्हणून तो कागद तरी मिळाला."

अनन्याला ते कळलं नाही. कळणार तरी कसं? अर्विंग शहरातल्या मराठी माणसाला गाडी घ्यायची असली, की तो संग्रामकडे जातो, हे तिला ऐकून माहीत असेल. पण संग्रामकडे जाणं म्हणजे काय, हे इथे जन्मलेल्या मुलीला समजावणं अवघड होतं. संग्राम साताऱ्याचा. डीलरकडे सर्व्हिस विभागाचा प्रमुख, महाराष्ट्र मंडळाचा खजिनदार आणि पद्मिनीच्या नवऱ्याचा, विक्रमचा, जिवलग. गाडी पहिल्यांदा भर हायवेवर बंद पडली तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, तुम्ही रांगेत कशाला उभ्या राहता? मागच्या गेटने आणा." मागच्या गेटने गाडी आत जायची आणि संध्याकाळी धुऊन-पुसून परत यायची. कागद नाही, सही नाही. "रेकॉर्डवर आलं की उद्या विकताना किंमत पडते," तो सांगायचा. पद्मिनीला तेव्हा हा केवढा मोठा जिव्हाळा वाटला होता. तिने त्याच्या घरी बेसनाच्या लाडवांचा डबा पाठवला होता. कागद मागणं म्हणजे त्याच्या शब्दावर शंका घेणं, आणि आपल्या माणसावर शंका घेण्याची रीत आपल्यात नाही.

"इट्स नॉट टू लेट," अनन्या म्हणाली. "परत ने. या वेळी पेपरशिवाय हलू नकोस. केस जिंकली, की कंपनी गाडी घेईल आणि गाडीच्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या कागदावर, शिक्का बसेल. पुढे कोणी ती घेतली, तर त्याला कळेल ना, ही गाडी अशी आहे म्हणून. नाहीतर त्या बिचाऱ्याला काय माहीत?"

पद्मिनीने मान डोलावली. त्या पुढच्या बिचाऱ्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. शिक्का मात्र हवा होता. अगदी पैशांपेक्षाही हवा होता.

कारण गाडी बंद पडते, हे तिच्याशिवाय कोणाला खरंच वाटत नव्हतं. चालता चालता समोरचा स्क्रीन काळा व्हायचा, पाय दाबला तरी गाडी ढिम्म. मागून ट्रकचा भोंगा. जरा वेळाने बटण दाबलं, की जणू काही झालंच नाही अशी सुरू. विक्रमच्या हातात ती एकदाही बंद पडली नाही. आठवडाभर मुद्दाम चालवून त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि म्हणाला, "तुझंच काहीतरी चुकत असेल." संग्रामही हसून तेच म्हणाला. नवीन गाड्या नाजूक असतात वहिनी, हळू पाय लावा. वर्षभर हे ऐकून ऐकून पद्मिनीलाही तसंच वाटू लागलं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जी बाई इतरांच्या चुका पकडते, ती घरी येऊन स्वतःच्या उजव्या पायाकडे संशयाने बघायची.

मग एका सकाळी ६३५ हायवेच्या फ्लायओव्हरवर, मधल्या लेनमध्ये गाडी मेली, तेव्हा शेजारच्या सीटवर अनिका होती. तिची सोळा वर्षांची मुलगी. दोन्ही बाजूंनी गाड्या सूं सूं जात होत्या आणि अनिकाने डॅशबोर्डवरच्या छोट्या गणपतीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. रडली नाही. घरी आल्यावर तेवढं म्हणाली, "आई, आय ॲम नॉट गेटिंग इन दॅट कार. एव्हर." त्यानंतर ती शाळेत मैत्रिणींच्या गाडीने जायची, नाहीतर चालत.

त्या दिवशी पद्मिनीला पहिल्यांदा संताप आला. खरा, पोटातून आलेला. अनन्याकडे ती आली ती त्या संतापाच्या भरात.

दुसऱ्या दिवशी ती संग्रामच्या टेबलासमोर जाऊन बसली. विक्रम बरोबर आला होता. आला म्हणण्यापेक्षा, ती तिथे काय बोलेल या धास्तीने त्याला यावंच लागलं.

"मागच्या तीन वेळांचे कागद हवेत," ती म्हणाली.

संग्रामने खुर्ची पुढे ओढली. "वहिनी, मागच्या तारखा घालून कागद केले तर माझी नोकरी जाईल."

"मग आज गाडी ठेवून घ्या. आजचा कागद द्या. काय होतंय ते मी सांगते, तसंच लिहा."

संग्रामने हातातलं पेन टेबलावर ठेवलं. मग बोलला, तो विक्रमकडे बघून.

"यार विक्रम, केस झाली तर कंपनी मला विचारणार, आधीच्या वेळी कागद का नाही केले? सगळं माझ्यावर येईल. मी हे कोणासाठी केलं? तुमच्यासाठीच ना? बाहेरच्या कुणासाठी मी मागचं गेट उघडतो का?"

विक्रमने बूट जमिनीवर घासला. "पद्मा, मित्र आहे तो आपला."

"ही तुम्हाला नकोय ना?" संग्राम आता तिच्याकडे वळला. आवाज मऊ झाला होता. "ट्रेड-इनमध्ये घेतो, जुनी द्या, नवी न्या. पूर्ण किंमत लावतो, एक पैसा कमी नाही. वरचं मॉडेल आजच घेऊन जा. केस नाही, वकील नाही, कटकट नाही."

काचेपलीकडे नवी गाडी उभी होती. गडद निळी. पद्मिनी तिच्याकडे बघत राहिली. वर्षभर हायवेवर चढताना तिच्या मानेत जी कळ धरायची, ती नुसत्या विचारानेच ओसरली. आणि या गोष्टीचा तिला रागही आला, पण तो राग पुरेसा नव्हता.

"आणि जुनीचं काय होणार?" तिने विचारलं.

"ते आमच्यावर सोडा. पूर्ण तपासल्याशिवाय पुढे जात नाही."

तिने एकदा विचारलं होतं. एवढंच समाधान पदरात बांधून तिने सह्या केल्या. संध्याकाळी अनन्याला मेसेज पाठवला, की सेटल झालं. अनन्याचं उत्तर आलं: "ओह. ओके मावशी." त्या ओहवर पद्मिनीने फार विचार केला नाही. डॅशबोर्डवरचा गणपती काढून घ्यायचा राहिला, हे तिला रात्री आठवलं. परत जाऊन मागायचं तिच्या जिवावर आलं.

अनिका नव्या गाडीत मुकाट्याने बसू लागली. घरात सगळं सुरळीत झालं. संग्रामच्या बायकोने दिवाळीला चकल्या पाठवल्या, पद्मिनीने डबा रिकामा परत न पाठवता त्यात अनारसे घातले.

जानेवारीत मंडळाचं हळदीकुंकू एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. काळ्या साड्या, तिळाचे लाडू, वाण म्हणून वाटायच्या स्टीलच्या वाट्या. दुपारी कार्यक्रम आटोपला. पार्किंगमध्ये बोचरं वारं होतं. विक्रम आणि संग्राम निळ्या गाडीच्या डिकीत स्पीकर चढवत होते. पद्मिनी आणि अनिका उरलेल्या वाट्यांचं खोकं घेऊन बाहेर आल्या.

"तिळगूळ घ्या काकू, गोड बोला."

समोर एक मुलगी उभी होती. चोविशी-पंचविशीची. मंडळात नवीन. हॉलमध्ये ओळख करून देताना सांगितलं होतं, प्रीता, नागपूरची, नुकतंच शिक्षण संपवून इथे नोकरीला लागली आहे. पद्मिनीने लाडू घेतला, तिच्या गालाला हात लावला. मग प्रीता जिला टेकून उभी होती ती गाडी तिला दिसली. पांढरी. पुढच्या काचेतून डॅशबोर्डवरचा छोटा गणपती दिसत होता. त्याच्यापुढे कोणीतरी ताजं झेंडूचं फूल ठेवलं होतं.

"तुमचीच होती ना ही?" प्रीता हसून म्हणाली. "संग्रामदादांनी सांगितलं. मी आधी दुसरी बघत होते, पण हिच्यात बाप्पा दिसला आणि दादा म्हणाले, आपल्या माणसाची गाडी आहे, डोळे मिटून घे. घरचे तिकडे किती काळजीत होते काकू! एकटी मुलगी, परदेशात गाडी घेते म्हणून. बाबांना म्हटलं, अहो, मराठी फॅमिलीची आहे, तेव्हा कुठे ते झोपले."

पद्मिनीच्या हातातला लाडू चिकट झाला होता.

"छान," ती म्हणाली. "छान केलंस."

"एक विचारू?" प्रीताने आवाज खाली आणला. "परवा ६३५ला एकदम बंद पडली. स्क्रीनच गेला. मागून ट्रक येत होता, मी तर संपलेच असं वाटलं. मग आपोआप सुरू झाली. दादा म्हणतात नवीन ड्रायव्हर असलं की होतं तसं. रोज त्याच रस्त्याने जायचं असतं ना, म्हणून विचारते. तुम्हाला कधी असं झालं होतं?"

डिकीपाशी संग्रामचा हात स्पीकरवर थांबला. तो इकडे बघत नव्हता, पण ऐकत होता. विक्रम मात्र बघत होता.

वर्षभर पद्मिनीला एकच हवं होतं. कोणीतरी तिला हे विचारावं, आणि ती जे सांगेल ते खरं मानावं. समोर उभी असलेली पोर तिचा शब्दन् शब्द खरा मानायला तयार होती. पण आता तो शब्द उच्चारायचा, म्हणजे पुढचंही सांगायला हवं होतं. मला माहीत होतं. माहीत असून मी ती तिथे सोडून आले.

"नाही गं," पद्मिनी म्हणाली. आवाज अगदी सहज निघाला, तिलाच त्याची शिसारी आली. "थंडीत होतं कधीकधी. हात बसला की काही वाटत नाही."

"हुश्श!" प्रीताने छातीवर हात ठेवला आणि मोकळं हसली. "मग माझंच काहीतरी चुकत असणार."

डिकीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला. संग्रामने हात झटकले आणि "चला, येतो वहिनी," असं म्हणत तो आपल्या गाडीकडे निघून गेला.

अनिका मघापासून खोकं धरून उभी होती. तिने कानातली हेडफोनची बोंडं काढली होती. कधी काढली, ते पद्मिनीने पाहिलं नव्हतं. अनिकाने खोकं जमिनीवर ठेवलं.

"आई, मी प्रीता ताईबरोबर जाते," ती म्हणाली. "शी लिव्ह्ज निअर अस. एकटीच चाललीये ती."

"अगं ये ना!" प्रीता खूश झाली. "मलाही सोबत होईल."

अनिका पांढऱ्या गाडीला वळसा घालून पलीकडच्या दारापाशी गेली. त्या दाराच्या कडीला तिने फ्लायओव्हरवरच्या त्या सकाळनंतर हात लावला नव्हता. आता लावला. पद्मिनी कशी आणि कधी तिथे पोचली ते तिचं तिलाही कळलं नाही. काळ्या साडीचा पदर वाऱ्यावर उडत होता आणि तिने मुलीचं मनगट धरलं होतं.

"नको."

"व्हाय नॉट?" अनिका हळूच म्हणाली. तिने हात सोडवून घेतला नाही. "यू सेड इट्स फाइन."

विक्रमने लांबून हाक मारली. प्रीता अजून हसतच होती, पण ते हसू आता तिच्या चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं होतं. तिने आधी अनिकाच्या मनगटाभोवती आवळलेल्या त्या मुठीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या किल्लीकडे.

"काकू?" ती म्हणाली.

पद्मिनीला मूठ सोडता येईना.