मास्तरांची गाडी बोलते

मास्तरांची गाडी बोलते, हे कळल्यापासून त्या कॉलनीतल्या माणसांनी एकमेकांशी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं. रविवारी सकाळी फाटकापाशी अशी झुंबड उडायची, की दूधवाल्याला सायकल डोक्यावर घेऊन जावी लागे. सगळ्यांचे डोळे एका जुनाट पांढऱ्या मोटारीवर खिळलेले असत. ती गोगलगाईच्या चालीनं मैदानाला फेऱ्या मारायची. चालवायला मास्तरीणबाई, शेजारच्या सीटवर गुडघ्यांवरून शाल सोडून डोळे मिटलेले गाडीमहाराज आणि मागे कोंबून बसवलेले तीन प्रश्नकर्ते.

"विचारा," महाराज म्हणत. "एक आवाज म्हणजे हो. दोन म्हणजे नाही."

"मास्तर, गुडघ्याचं ऑपरेशन करून घेऊ का हो?" निवृत्त हेडक्लार्कनी मागून विचारलं.

गाडीच्या पोटातून आवाज आला. खट्. आणि लगेच, खट्.

"नाही म्हणतायत!" हेडक्लार्क खिडकीतून ओरडले. बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या गुडघ्यापायी त्यांना गाडीत चढता येत नव्हतं, तो आता कायमचा तसाच राहणार याचा सगळ्यांना कोण आनंद झाला!

मास्तरांची लेक कट्ट्यावर बसून हा तमाशा पाहत होती. तिच्या कपाळावरची शीर उडत होती.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावानं याच गाडीत त्यांच्या शिव्या खात क्लच सोडायला शिकून घेतलं होतं. वय झालं तशी त्यांनी शाळा बंद केली. बोर्ड उतरवला, शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो दुसरा ब्रेक काढून टाकला आणि गाडी घरच्या वापराला ठेवली. पुढे ते गेले. गाडी कित्येक महिने कव्हरखाली पडून राहिली. एक दिवस मास्तरीणबाईंनी धीर करून ती बाहेर काढली. वळणावर ब्रेक लावला, तर स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं आणि पुढून कुठूनतरी खट् असा आवाज आला.

बाईंनी गाडी तिथंच थांबवली आणि ढसाढसा रडल्या. कारण गाडी चालवताना त्यांचं काही चुकलं, की शेजारी बसलेले मास्तर डॅशबोर्डवर बोटानं अस्संच वाजवायचे.

इथवर लेकीलाही रडू आलं होतं. पण हेडक्लार्कनी कुठूनतरी गाडीमहाराजांना आणलं आणि रडण्याचं दुकान झालं.

महाराजांचं प्रवचन ऐकण्यासारखं असे. "पूर्वी आत्मे झाडावर राहायचे. आता झाडं उरलीत कुठं? आत्म्यानंही काळाबरोबर चालायला नको का? म्हणून तो इंजिनात उतरतो. पण सगळ्याच गाड्यांत नाही हं. ज्या गाडीवर माणसाचा जीव असतो, तीतच. हप्त्यावर घेतलेल्या गाडीत आत्मा जात नाही, बँक जाते!" लोक हसत आणि हसता हसता हात जोडत. महाराजांचे नियम मात्र कडक होते. गाडीला पाना लावायचा नाही, मास्तर कायमचे निघून जातील. आणि चालत्या गाडीच्या मागून कुणी यायचं नाही, ती आत्म्याची वाट.

"आई, तो आत्मा नाही, झीज आहे," लेकीनं घरात सांगून पाहिलं.

"तुझ्या अप्पांना झीज म्हणतेस?"

"गाडीला म्हणतेय गं! महिनोन् महिने उभी होती ती. ब्रेकच्या तबकडीवर गंज धरला, ती कुठं जाड, कुठं पातळ झाली. पॅडनं दाबली की उड्या मारते आणि ते स्टिअरिंगमध्ये येतं. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो. तो ओढून पाहिला, तेव्हा नाही थडथडत. म्हणजे दोष पुढच्या चाकांत. खट् वाजतं ते चाकाला धरून ठेवणाऱ्या खालच्या दांडीचं रबर फाटलंय म्हणून. ब्रेक लावला की दांडी मागे आपटते, सोडला की हळूच पुढे येते. मी खाली झोपून पाहिलंय, बोट जातं त्या फटीत."

"मग महाराजांनी विचारलं की बरोब्बर उत्तर कसं येतं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "त्या वेळी माझा पाय ब्रेकवर नसतो. तुझ्या अप्पांची शपथ."

आई खोटं बोलत नाही, हे लेकीला पक्कं ठाऊक होतं. ब्रेकशिवाय तो आवाज येत नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

आणि वेळही फार नव्हता. लेक दुसऱ्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. अप्पांच्या ऑफिसची रस्त्याकडची खोली झाडून घ्यावी, बोर्ड पुन्हा लावावा, हे तिचं कधीपासून ठरलं होतं. पण त्याच खोलीवर महाराजांचा डोळा होता. तिथं म्हणे 'वाहन साधना केंद्र' निघायचं होतं. "आपण कोण ठरवणारे?" महाराज अगदी नम्रपणे म्हणाले होते. "येत्या रविवारी मास्तरांनाच विचारू." मास्तर काय सांगणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

मधल्याच एका संध्याकाळी लेक स्कूटरवरून घरी येत होती. समोर गाडी रांगत होती; लोकांना आता नुसता रविवार पुरत नव्हता. बघ्यांची रांग दोन्ही बाजूंना, मागे मात्र चिटपाखरू नाही. आत्म्याच्या वाटेवर पाय न ठेवण्याची शिस्त सगळ्यांनी पाळली होती. लेकीनं सरळ त्या वाटेवर स्कूटर घातली.

आतून कुणीतरी काहीतरी विचारलं. गाडीचे मागचे दोन्ही लाल दिवे लागले. खट्. दिवे विझले.

लेकीला एकदम हसू फुटलं. आत्म्याला ब्रेकचे दिवे लावायची काय गरज! आई ब्रेक दाबत नव्हती. पण कुणीतरी दाबत होतं.

घरी सगळे चहाला बसले तेव्हा तिनं शेजारच्या सीटखालची रबरी चटई उचलली. शाळा बंद झाली त्या दिवशी दुसऱ्या ब्रेकची पाय ठेवायची पट्टी तिनं स्वतः भंगारात पाहिली होती. पट्टीच तेवढी गेली होती. खालचा दांडा तसाच होता आणि त्याची सळई आईच्या ब्रेकला जोडलेली होती. त्याच्यावरची चटई बुटाच्या टाचेनं झिजून गुळगुळीत झाली होती. ही झीज काही चार रविवारांची नव्हती. लेकीनं त्या गुळगुळीत जागेवरून अंगठा फिरवला. मग तिनं सळईची पिन काढून खिशात टाकली.

रविवारी फाटकापाशी पाय ठेवायला जागा नव्हती. महाराज आसनस्थ झाले. गाडी हलली.

"अहो," बाईंनी हळूच विचारलं, "तुमची खोली महाराजांना देऊ ना?"

गाडी गप्प.

"जोरात विचारा. वरच्या लोकात ट्रॅफिक फार."

"खोली देऊ ना?"

गाडी आपली मजेत चालली होती. महाराजांची शाल मात्र गुडघ्यापाशी वर-खाली व्हायला लागली. कपाळावर घाम आला. "मास्तर रुसलेत," ते म्हणाले आणि शाल आणखी जोरात उडाली. "कुणीतरी अपवित्र माणूस जवळ आहे!"

"आहे ना," लेक खिडकीशी चालत होती. "आई, गाडी थांबव. महाराज, सायकल चालवताय का आत?"

तिनं दार उघडून चटई ओढली. महाराजांचा पाय दांड्यावरच होता. घाईघाईनं काढायला गेले तर शालीत अडकला आणि आत्म्यांचे ते दलाल सीटवरून घसरून खाली बसले.

लेकीनं पिन पुन्हा बसवली. हेडक्लार्कना त्याच सीटवर बसवलं. "काका, आता तुम्ही मास्तर. आई, चालव. बोला काका, गुडघा दाखवायचा का डॉक्टरला?"

हेडक्लार्कनी घाबरत दांडा दाबला. खट्! मागून पाहणारी पोरं ओरडली, "दिवे लागले! लाल दिवे!"

"रबर फाटलंय म्हणून वाजतं, पाय दाबतो म्हणून वाजतं," लेक सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "काही हादरलं, काही वाजलं, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: कधी वाजतं? काय केल्यावर वाजतं? आणि जो म्हणेल मागून पाहू नका, त्याच्या आधी मागे जाऊन उभे राहा. ब्रेक निकामी होत चाललेल्या गाडीत माझ्या आईला हा माणूस महिनाभर फिरवत होता. पाना लावू नका म्हणे!"

त्या गडबडीत महाराजांनी पोबारा केला. शाल तेवढी दारात अडकून राहिली.

मास्तरीणबाई स्टिअरिंग धरून बसून होत्या. "पण तो ब्रेक तर यांनी काढला होता ना?"

"पट्टी काढली, आई. दांडा ठेवला."

"कशाला?"

लेकीनं चटई पुढे केली. शाळा बंद झाल्यावर त्या सीटवर रोज कोण बसायचं, हे बाईंना सांगायला नको होतं. त्यांनी चटईवरची ती गुळगुळीत जागा पाहिली.

"म्हणजे इतकी वर्षं..." त्यांचा चेहरा लाल झाला. "मला वाटायचं, मी काय वेळेवर ब्रेक मारते! चोर मेला!" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले, पुन्हा हसल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "गॅरेजात चल. तबकड्या बदल, ते रबर बदल. आणि हा दांडा मुळासकट काढून टाक. माझा ब्रेक आता मीच मारीन."

पुढच्याच आठवड्यात त्या खोलीवर बोर्ड लागला. दुरुस्त झालेली गाडी बाईंनी स्वतः घरी आणली. स्टिअरिंग गप्प, खालून हूं की चूं नाही. फाटक मात्र जरा वेगानंच जवळ येत होतं. शेजारी बसलेल्या लेकीचा उजवा पाय आपसूक रिकाम्या चटईवर करकचून दाबला गेला.

गाडी फाटकापासून वीतभर अंतरावर थांबली.

"पाय काढ," बाई समोर बघत म्हणाल्या.