पाच अँपिअरचं घर

"हे कधीपासून चाललंय?"

काकूंच्या हातात प्राणवायूच्या यंत्राची नळी होती. ती काकांच्या नाकाला असायला हवी होती, पण उशीवर पडली होती आणि यंत्रही बंद होतं. काकू दाराबाहेरच्या छपराखाली गिऱ्हाइकांचे कपडे इस्त्री करतात. रस्त्याच्या गोंगाटात आतल्या यंत्राची घरघर त्यांना ऐकूच येत नसे. आज पाण्याची बाटली भरायला आत आल्या म्हणून हे दिसलं.

"आत्ताच... बंद... केलं," काका म्हणाले. तेवढ्यानंच त्यांना धाप लागली.

"खोटं बोलू नका. यंत्र गार पडलंय. हात लावून बघितलंय मी."

काका भिंतीकडे बघू लागले. "तुझी इस्त्री... असली की... फ्यूज उडतो."

मागे एका सकाळी यंत्र आणि इस्त्री दोन्ही चालू असताना फ्यूज उडाला होता, ते खरं. तेव्हापासून काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की इस्त्री तापली की आपण आपलं यंत्र बंद करायचं आणि गुपचूप पडून राहायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कापसाच्या गोदामात वजनं घेण्यात घालवली, आणि तिथली धूळ छातीत ठाण मांडून बसली. नळी शक्यतो काढायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नोकरी सुटल्यावर घर एकट्या इस्त्रीवर चालू लागलं. इस्त्री बंद म्हणजे चूल बंद. आणि यंत्र बंद म्हणजे काय, इथे काकूंचा विचारच थांबला.

"आजपासून इस्त्री बंद," त्या म्हणाल्या.

"मग... खायचं काय? माझा श्वास?"

काकूंना हसू आलं नाही. त्यांनी इस्त्री बंद केली, यंत्र चालू करून काकांना नळी लावली, पायांत चपला सरकवल्या आणि तडक झटकेरावांना घेऊन आल्या.

झटकेराव हे गल्लीतले वायरमन. तरुणपणी खांबावर शॉक बसून खाली आपटले आणि शुद्धीवर येताच "दिवे आले का?" असं विचारते झाले, तेव्हापासून हे नाव त्यांना चिकटलं.

"भाऊजी, मोठा फ्यूज टाकून द्या," काकू म्हणाल्या.

"तेवढं सांगू नका, वहिनी. तुमची वायर जुनी. पाच अँपिअरच्या वर करंट गेला की आत्ता फ्यूज जळतो. मोठा टाकला तर भिंतीतली वायर जळेल. आधी कोण किती खातंय ते बघू."

इस्त्रीवरचे आकडे कधीच पुसले गेले होते. झटकेरावांनी मोजण्यापुरतं यंत्र थांबवलं आणि मीटर लावून व्होल्टेज बघितलं, ते दोनशे वीस निघालं. मग इस्त्री आत आणून चालू केली आणि चिमट्याचं मीटर तिच्या एका तारेला धरलं. करंट निघाला पावणेतीन अँपिअर.

"आता व्होल्टेजला करंटनं भागायचं, म्हणजे कॉइल विजेला किती अडवते ते कळतं. दोनशे वीस भागिले पावणेतीन. थांबा, मोबाईल काढतो."

"मोबाईल... कशाला?" पलंगावरून आवाज आला. "ती... करेल."

काकूंनी हिशेबाचा खडू उचलला. अक्षर-आकडे त्या चाळिशीत शिकल्या. गिऱ्हाइकांची नावं वाचता येईनात म्हणून एकाचे कपडे दुसऱ्याच्या घरी जायला लागले, तेव्हा काकांनीच रोज कामावरून आल्यावर समोर बसवून शिकवलं होतं. भागाकाराला त्या रडकुंडीला आल्या, पण काका एकदाही हसले नाहीत. वैतागून त्यांनी पाटी फेकली, तेव्हा काकांनी ती मुकाट्याने उचलून आणली होती.

"पावणेतीन म्हणजे अकरा पाव," काकू जमिनीवर खडूने लिहीत पुटपुटल्या. "दोनशे वीसचे आठशे ऐंशी पाव. त्याला अकरानं भागलं, की ऐंशी."

"ऐंशी ओहम! आणि दोनशे वीसला पावणेतीननं गुणलं की इस्त्रीची ताकद, सहाशे पाच वॅट. कॉइल धड आहे तोवर हिची भूक एवढीच राहणार."

काकांचं यंत्र चालू करून मोजलं, ते दीड निघालं. पावणेतीन आणि दीड, सव्वाचार.

काकू खडूच्या आकड्यांकडे बघत राहिल्या. "पाचाच्या आतच आहे की. मग त्या दिवशी फ्यूज उडवला कोणी?"

"तिसरं काय चालू होतं तेव्हा?"

काकूंनी कपाळावर हात मारला. "बादलीत रॉड सोडला होता! ह्यांच्या अंघोळीचं पाणी."

रॉड एकटाच साडेचार खात होता.

"म्हणजे... अंघोळ... बंद," काका आशेनं म्हणाले.

"अंघोळ नाही, रॉड बंद. पाणी गॅसवर तापेल."

"मला वाटलं... सुटलो."

या खेपेला काकू हसल्या, आणि हसताहसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. झटकेरावांनी उगाचच फ्यूजचं झाकण नीट बसलंय का ते पुन्हा बघितलं. "दिवा, पंखाही खुशाल लावा," असं म्हणून ते चपला घालू लागले.

"भाऊजी, देवासारखे आलात."

"देव खांबावरून पडत नाहीत, वहिनी," म्हणत ते गेले.

काकूंनी इस्त्रीचं टेबल छपराखालून ओढून आतल्या खोलीत आणलं. काकांना पुन्हा नळी लावली. इस्त्री तापली, यंत्र घरघरत राहिलं. फ्यूजला काही झालं नाही. काकूंनी एक शर्ट केला, मग दुसरा, तिसरा. पलंगावरून काही आवाज आला नाही, तशा त्या मनातून धास्तावल्या. आणि मग काका बोलले.

"अगं, तू कॉलर टोकाकडून आत दाबत नेतेस ना, म्हणून तिला कधी चुणी पडत नाही, हे मी गोदामात सगळ्यांना सांगायचो, तुला तेवढं सांगायचं राहून गेलं."

मध्ये कुठेही न थांबता.

काकूंनी मागे वळून बघितलं नाही. हातातला शर्ट झाला होता, घडीही घातली होती. त्यांनी तो पुन्हा उलगडला आणि टोकाकडून आत, सावकाश, कॉलर दाबत नेली.