इंजिनाला थंडी वाजू नये म्हणून

“हिअर व्हेअर गॉट विंटर, लाह?” बोटी लावायच्या मरीनाच्या रखवालदाराने विचारले. इथे बारा महिने उकाडा.

आपल्या बोटीच्या इंजिनाच्या खबदाडात डोके घातलेल्या प्रबोधने तिथूनच खुलासा केला, की थंडी इथे नाही, जपानच्या उत्तरेला आहे. कंपनीने त्याची तिकडे बदली केली होती. कंपनीच्या मते तो चालला होता. त्याच्या मते बोट चालली होती आणि तो सोबतीला. उद्या ती जहाजावर चढायची होती. इंजिनात पाणी उरले तर तिकडे गोठून फुगणार आणि इंजिनाला तडा जाणार.

हे काम त्याचा मित्र धनेश करणार होता. तो खरा मरीन इंजिनिअर. पण त्याचे जहाज कालच सुटले. जाता जाता फोनवर म्हणाला, “बोट दुरुस्तीच्या यार्डवाल्यांना सांग रे. बेसिनचा नळ गळला तरी तू माणूस बोलावतोस!”

“मीच करणार,” प्रबोध बोलून गेला. बोलून गेल्यावर माघार घ्यायची सोय पुण्याच्या माणसाला नसते.

इंजिन गरम करून त्याने जुने तेल काढले, नवे भरले. समुद्राचे पाणी घेणारी झडप बंद केली आणि नळी न गोठणाऱ्या गुलाबी द्रावणाच्या बादलीत सोडली. चालू इंजिनाने ते प्यायचे. मागच्या नळीतून गुलाबी आले की जिंकलो. त्याची बायको स्मिता बोटीच्या मागच्या टोकाला दुसरी बादली धरून ओणवी झाली होती.

“आलं का?”

“साधं पाणीच येतंय.”

“आता?”

“अरे, आलं की सांगेन ना!”

बादलीचा तळ दिसू लागला.

“संपलं गं! बंद करतो. बोलवू यार्डवाल्यांना.”

“बाकाखाली आणखी एक कॅन आहे.”

“मी बघून शिकलो त्या व्हिडिओत तर एकच सांगितला होता!”

“त्या व्हिडिओवाल्याकडे ऐन वेळी पाहुणे येत नसतील. मी भात कधी मोजून लावते का? ओत!”

कॅन अर्धा झाला आणि मागून आरोळी आली, “गुलाबी! अरे, लग्नातल्या फेट्यासारखं गुलाबी!”

प्रबोधने त्या गुलाबी धारेचा व्हिडिओ धनेशला पाठवला. धनेशचे उत्तर आले, “यार्डवाल्यांना बोलावलंस ना शेवटी?” आयुष्यात इतके चांगले प्रशस्तिपत्र प्रबोधला कुठल्याच अप्रेझलमध्ये मिळाले नव्हते.

घरी जाताना एमआरटीच्या मेट्रोत जागा असूनही तो उभाच राहिला. वरचा दांडा त्याने असा धरला होता, की काळीकुट्ट बोटे अख्ख्या डब्याला दिसावीत.

“हे घे, पूस,” स्मिताने ओला रुमाल पुढे केला.

“बुओना व्हिस्टा स्टेशन येईपर्यंत राहू दे,” प्रबोध म्हणाला.