अव्वाची झोळी

शिवम्मा वारली आणि तिची इरकली लुगडी धाकट्या लेकीनं, रक्षितानं मागून नेली. थोरल्या दानेश्वरीनं त्यांतलं एकही ठेवून घेतलं नाही. अव्वा, म्हणजे आई, अंथरुणाला खिळल्यापासून तिचं सगळं दानेश्वरीनंच केलं होतं. कसबा बावड्यात माहेर-सासर एकाच गल्लीत, त्यामुळं ते तिच्याच वाट्याला आलं. रक्षिता तेव्हा पुण्याला चित्रकला शिकत होती. सुट्टीला यायची, अव्वाच्या उशाशी बसायची, परत जायची.

२००४ च्या थंडीत कोल्हापुरात रक्षिताचं प्रदर्शन भरलं. दानेश्वरी ठेवणीतली साडी नेसून गेली. दालनाच्या मधोमध अव्वाचं लुगडं झोळीसारखं टांगलं होतं. आतून उसाचं वाळलेलं पाचट शिवलं होतं, काठाला मळ्यातली काळी माती डिंकात कालवून थापली होती. लोक जवळ जात, वास घेत. रक्षिता त्यांना सांगत होती, शाळेत घालेपर्यंत अव्वा मळ्यात तण भांगलायला जाताना तिला सोबत न्यायची, बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून त्यात निजवायची आणि सरीतून तिच्याशी सारखी बोलत राहायची.

दानेश्वरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तेव्हा ती घरी भाकरी थापत असायची. तिला मिळालेली अव्वा दिवेलागणीला दमून यायची आणि मुकाट्यानं जेवायची. एवढं बोलणारी अव्वा होती, आणि ती सगळी रक्षूला मिळाली! एका बाईंनी तिला विचारलं, तुमच्याही आठवणी असतीलच की. तिच्याकडं होत्या त्या पडून पडून अव्वाच्या पाठीला झालेल्या जखमा आणि त्यांवरच्या पावडरीचा वास. त्या कुठं टांगायच्या?

पुढं बेंगळुरूच्या एका संग्रहालयानं झोळी मागितली. रक्षिता विचारायला आली.

"अक्का, मला द्यायची न्हाय. पर लुगडं तुझंबी हाय. तू म्हणशील तसं."

"देऊन टाक," दानेश्वरी म्हणाली.

झोळी खोक्यात भरून गेली त्या दिवशी रक्षिता दारात उभी राहून रडली. दानेश्वरीला बरं वाटलं. मग ते बरं वाटणंच तिला सोसेना.

"तुझ्याकडं ऱ्हाऊ नये म्हणून म्हटलं मी," ती म्हणाली.

"कळलं हुतं मला," रक्षिता म्हणाली. "तरी दिली. तू कधी कायच मागितलं न्हाईस."

म्हणजे इथंही रक्षूच मोठी ठरली. दानेश्वरीच्या अंगाचा भडका उडाला, आणि कुणालाच न सांगितलेलं तोंडून गेलं.

"शेवटी शेवटी अव्वा मला रक्षू म्हणून हाक मारायची. मी ओ द्यायची."

रक्षिता पायरीवर बसली. दानेश्वरीही शेजारी टेकली. रक्षितानं हात पुढं केला, तो मात्र तिनं धरला नाही.