बेचाळीस शब्द

पाटणकर सरांनी फळा पुसला, मधोमध एक उभी रेघ ओढली, डावीकडे 'शाळा' आणि उजवीकडे 'कॉलेज' असं लिहिलं आणि खडू जयदेवच्या हातात दिला.

"बोल आता. या मुलांना पुढच्या वर्षी बोर्डाला बसायचंय. तिकडे काय असतं, ते माझ्यापेक्षा तूच सांगशील."

जयदेव मांजर्लीचा. गावातून कॉलेजात गेलेला पहिलाच. जूनमध्ये तो परळला मामाच्या खोलीवर राहायला गेला, तो एकदम सहामाही परीक्षा उरकून घरी आला होता. बदलापूरच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागायला अजून आठवडा होता. त्याची बहीण चिमी इथेच दहावीत होती. तिच्याकरवी सरांनी निरोप धाडला होता, म्हणून तो आज वर्गासमोर उभा होता.

"शाळेत आपल्याला नावाने हाक मारतात," तो म्हणाला. "तिथे नंबर असतो. माझा एकशे सतरा."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. जयदेवने दोन्ही रकान्यांत लिहिलं. शाळेत धडा समजला नाही तर सर पुन्हा सांगतात. तिथे प्राध्यापक एकदा बोलून निघून जातात, पुढचं आपलं आपण वाचनालयात बसून शोधायचं. छडी नाही. गृहपाठ नाही. तास चुकवला तरी कोणी घरी चिठ्ठी पाठवत नाही.

"सगळं इंग्रजीत?" मागच्या बाकावरच्या बाळाने विचारलं.

"सगळं."

"आणि समजतं तुला?"

"सवयीने समजतं," जयदेव म्हणाला.

हे खरं नव्हतं. पण वर्ग इतका कान देऊन ऐकत होता, की खरं सांगायला जागाच उरली नव्हती.

सर खिडकीशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पण प्रयोग तेच, बरं का!" ते मध्येच म्हणाले. "आपल्याकडे उपकरणं नसली तरी त्यांची इंग्रजी नावं मी पाठ करून घेतो, ती याच्यासाठीच. हायड्रोजन कशात गोळा करायचा रे?"

"प्न्यूमॅटिक ट्राऊघ!" वर्ग एका सुरात ओरडला.

जयदेवच्या हातातला खडू थांबला. जुलैमध्ये कॉलेजच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न त्याला विचारला होता आणि त्यानेही असंच ठणठणीत उत्तर दिलं होतं. सगळी प्रयोगशाळा हसली होती. एका मुलाने तर त्याला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला, पलीकडच्या टेबलावरच्यांना ऐकू आला नव्हता म्हणून. महिनाभर त्याला 'प्न्यू' म्हणत होते. तेव्हापासून तो शेवटच्या बाकावर बसत होता आणि तासाला त्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"सर, तो उच्चार चूक आहे," तो म्हणाला. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "पहिल्या 'प'चा उच्चार करायचाच नसतो. 'न्यूमॅटिक ट्रॉफ'. तुम्ही म्हणता तसं तिथे कोणी म्हटलं तर हसतात."

वर्गात कोणीतरी फिसकन हसलं. चिमीने मान खाली घातली.

सर दोन पावलं पुढे आले. "पुन्हा म्हण."

"न्यूमॅटिक ट्रॉफ."

"म्हणजे 'प' गिळायचा. आणि शेवटी 'फ'?"

"हो."

सरांनी खडू मागून घेतला, फळ्याच्या कोपऱ्यात मराठी अक्षरांत तो शब्द लिहिला आणि वर्गाकडे वळले. "म्हणा रे सगळ्यांनी. आजपर्यंत मी चुकीचा सांगितला." आणि मुलांबरोबर तेही तीनदा म्हणाले.

तास संपल्यावर सर त्याला शिक्षकांच्या खोलीत घेऊन गेले. रागावतील, असं जयदेवला वाटलं होतं. सरांनी कपाटातून पुठ्ठ्याची एक वही काढली आणि त्याच्यापुढे सरकवली. पानाच्या एका बाजूला इंग्रजी शब्द होते, वळणदार अक्षरात. त्यांच्यासमोरची जागा कोरी होती.

"बेचाळीस आहेत," सर म्हणाले. "अकरा वर्षांत साठलेत. कोशात अर्थ सापडतो, पण उच्चार कोण सांगणार? मी कॉलेजात गेलो नाही. अंदाजाने म्हणत आलो, मुलंही तसंच म्हणत आली. कोणीतरी जाईल तिकडे, त्याला विचारू, म्हणून लिहून ठेवत होतो. ये, बस इथे."

जयदेवने यादीवरून नजर फिरवली. चार शब्द त्याला येत होते. उरलेल्यांतले काही त्याने पुस्तकात पाहिले होते, कोणाच्या तोंडून ऐकले असले तरी ते हेच, हे त्याला ओळखू आलं नसतं. 'येत नाही' एवढंच म्हणायचं होतं. पण आत्ताच तो भर वर्गात सरांची चूक काढून आला होता.

सरांनी टाक दौतीत बुडवला. "हा पहिला?"

"गॉज," जयदेव म्हणाला.

सरांनी लिहिलं. "आणि हा?"

"चाओस."

पाचव्या-सहाव्या शब्दानंतर ते सोपं झालं. काही अक्षरं गिळायची, काही लांबवायची, उच्चार तिकडचा वाटेल असा ठेवायचा. लष्करातल्या हुद्द्याचा एक शब्द होता. 'कर्नल' हा शब्द दोघांनाही चांगला माहीत होता, पण तो इंग्रजीत असा लिहितात, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"कोलोनेल," जयदेव म्हणाला, आणि सरांनी तो वळणदार अक्षरात वहीत घातला.

बेचाळिसावा शब्द झाल्यावर सरांनी शाई सुकेपर्यंत वही उघडी ठेवली. "मोठं काम केलंस बाबा," ते म्हणाले.

दोन दिवसांनी जयदेव जेवायला बसला होता आणि चिमी ओसरीवर पाठ करत होती. "गॉज, चाओस, इस्थमस, कोलोनेल. गॉज, चाओस..."

"काय म्हनतंय गो ही?" आई, मोतीबाई, भाकरी थापता थापता कौतुकाने म्हणाली. "कालेजाची भासा हाय कं?"

"दादानं सरांना सांगितलेत," चिमी म्हणाली. "सर रोज दहा घालतात पाठ करायला. ज्याला येणार नाही त्याला उभं करतात."

जयदेव पानावरून उठला.

"आरं, माशाचं कालवन तसंच टाकून कं चाललास?" आई म्हणाली.

"भूक नाय," तो म्हणाला आणि नदीकडे चालायला लागला. सरांकडे जावं, असं त्याला वाटेत दोनदा वाटलं. सुट्टी संपेपर्यंत तो गेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्याने चिमीच्या वहीतली यादी उतरवून घेतली. चिमीने कशाला म्हणून विचारलं, तेव्हा त्याने कागदाची घडी घालून खिशात टाकली.

कॉलेज सुरू झालं आणि एक चमत्कारिक गोष्ट घडली. इतके महिने नुसता कानावरून वाहून जाणारा तो इंग्रजी आवाज आता शब्दाशब्दाला त्याच्या कानात अडायला लागला. वायूचा दाब मोजायचं यंत्र दाखवताना प्राध्यापक 'गेज' म्हणाले, तेव्हा त्याने फळ्यावरची अक्षरं पाहिली. तोच शब्द. सरांच्या वहीतला पहिलाच. त्याच आठवड्यात 'केऑस' आला. जयदेव शेवटच्या बाकावर बसून ऐकत होता, आणि प्रत्येक शब्दासरशी त्याला बदलापूरचा वर्ग एका सुरात ओरडताना ऐकू येत होता.

त्याच्या शेजारी उल्हासनगरचा गोबिंद बसायचा, कॅम्प नंबर चारचा. सिंधी. त्याचं इंग्रजी ऐकूनही मुलं हसायची, पण गोबिंद त्यांच्याकडे बघायचा नाही, विचारायचं ते पूर्ण विचारून मगच खाली बसायचा. एके दिवशी त्याने जयदेवच्या हातातली यादी पाहिली.

"ये क्या है?"

जयदेवने सांगितलं. सगळं नाही. शब्दांचे उच्चार हवेत, एवढंच.

"तो चलो, सर से पूछते हैं. पूछने में क्या जाता है?"

आणि जयदेव नको म्हणायच्या आत त्याने व्हरांड्यात प्राध्यापकांना गाठलं. प्राध्यापकांनी चष्मा लावला आणि एकेक शब्द सावकाश म्हणून दाखवला. जयदेव लिहीत गेला. तेहेतीस चुकीचे निघाले होते. ओळीने लिहिलेले 'कर्नल', 'इस्मस', 'रिसीट' त्याच्याकडे बघत होते.

"ही यादी कोणाची?" प्राध्यापकांनी इंग्रजीत विचारलं.

पुठ्ठ्याची वही, टाक, शाई सुकायची वाट पाहणारे सर, हे सगळं जयदेवच्या डोळ्यांपुढे आलं. "माझी," तो म्हणाला.

"उत्तम. आपल्याला काय येत नाही, हे लिहून ठेवणारे विद्यार्थी मला फार भेटत नाहीत." प्राध्यापकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. गोबिंद कौतुकाने हसला. जयदेवला तो हात तिथून कधी उचलला जातो, असं झालं होतं.

त्या शनिवारी कॉलेज बुडवून तो बदलापूरला आला. शाळा सकाळची होती. दहावीचा तास चालू होता. दारात त्याला बघताच सर उत्साहाने उठले. "या! अरे, तुझे बेचाळीसच्या बेचाळीस सगळ्या वर्गाला तोंडपाठ आहेत. ऐकवू?"

"नको," जयदेव म्हणाला. "सर, ते चूक आहेत."

सरांना कळलं नाही.

"मला चारच येत होते. बाकीचे मी मनाने सांगितले. काही जमले, तेहेतीस चुकले." त्याने खिशातला कागद काढला. "हे बरोबरचे. प्राध्यापकांना विचारून आणलेत."

वर्गात कोणीच हसलं नाही. चिमी भावाकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याला बरं वाटलं असतं. सरांनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत एक-दोन शब्द पुटपुटले. मग मुलांना वह्या काढून चुकीचं खोडायला सांगितलं आणि कागद फळ्यावर उतरवून द्यायला बाळाला उभं केलं. स्वतः जयदेवला घेऊन बाहेरच्या पडवीत आले.

"सर, मला..."

"राहू दे," सर म्हणाले. "तू महिनाभर चुकीचं शिकवलंस. मी अकरा वर्षं. ती मुलं कुठे कुठे गेली असतील, आणि कोण कोण हसलं असेल त्यांना." ते जयदेवकडे वळले. "तुलाही हसले ना? त्या पहिल्या शब्दाला?"

जयदेवने मान डोलावली.

आत बाळा एकेक शब्द मोठ्याने वाचत होता. सर ऐकत होते. मग त्यांनी, काही विशेष नाही अशा आवाजात विचारलं, "काय रे, तिथे तासाला बाहेरचा माणूस मागे येऊन बसला, तर चालतं का? म्हणजे एखाद्या शनिवारी. नुसतं ऐकायला."

जयदेवची नजर त्यांच्या धोतरावरून वर गेली आणि डोक्यावरच्या काळ्या टोपीवर थांबली. गुडघ्यापर्यंत वर आलेलं धोतर, काठ विरलेली टोपी. प्रयोगशाळेतली, पलीकडच्या टेबलावरची ती मुलं त्याला दिसली. एवढं सगळं एका क्षणात झालं. पण तो क्षण सरांनी पाहिला.

"चालतं," जयदेव म्हणाला. "चालतं ना सर. या की."

"छे, मी सहज विचारलं," सर म्हणाले. "इथे वह्या तपासायच्या पडल्यात. जा तू, आईला भेटून जा."

तो आठवडा जयदेवला फार लांब गेला. प्राध्यापकांना गाठून त्याने सगळं खरं सांगितलं, यादी कोणाची तेही. शेवटच्या बाकावर एक जागा धरायला गोबिंदला सांगून ठेवलं. शुक्रवारी संध्याकाळी तो मांजर्लीला आला आणि शनिवारी सकाळी सात वाजता पाटणकर सरांच्या दारात उभा राहिला. शाळेत रजेचा निरोप आपणच पोचवू, सर नाही म्हणाले तरी हात धरून घेऊन जाऊ, असं त्याने वाटेत ठरवलं होतं.

दार सरांच्या पत्नीने, सुहासिनीबाईंनी उघडलं. त्याला बघून त्या चकित झाल्या.

"अरे, तू इथे? आणि हे तर पहिल्या गाडीने गेलेसुद्धा. रजा टाकलीय. तुझ्या कॉलेजात जातो म्हणाले."

"एकटेच?"

"मी म्हटलं, जयदेवला कळवा, तो येईल घ्यायला. तर म्हणाले, नको, त्याला सगळ्यांसमोर माझी ओळख दाखवायला लागेल. लांब बसेन, म्हणाले." त्या हसल्या. "कधी नव्हे ते पाटलोण चढवून गेलेत. धाकट्या दिरांची मागून आणली. नीट बसत नव्हती कमरेला."

त्यांच्या मागे, दाराच्या खुंटीला, काळी टोपी टांगलेली होती.

"आत ये ना," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

जयदेव उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. साडेसातची गाडी धरली तरी तास सुरू होऊन गेलेला असणार होता.