नागपुरी ओव्हरकोट

मी एक ओव्हरकोट बोलतोय, आणि तोही नागपूरचा. आधी हसून घ्या. सगळेच हसतात. मे महिन्यात जिथे डांबर चपलेला चिकटते आणि माणसे दुपारभर कूलरपुढून हलत नाहीत, तिथे गुडघ्याखाली पोचणाऱ्या जाड लोकरीच्या कोटाने जन्म घ्यायचा म्हणजे विनोदच. पण जन्म कुठे घ्यायचा हे कोटाला कोण विचारतो?

माझे मालक चंपतराव. नागपूरच्या महाल भागात राहायचे, एका कापड गिरणीत विणाई मास्तर होते. १९६५ साली गिरणीने त्यांना नवे माग बघायला जर्मनीला पाठवायचे ठरवले. झाले, सगळ्या गल्लीत एकच धांदल. कोट शिवायला कापड नत्थूजी शिंप्याकडे गेले. नत्थूजींनी आयुष्यभर नवरदेवांचे कोट शिवलेले.

"थंडी किती राहते गा तिथं?" त्यांनी विचारले.

"बर्फ पडते म्हणतात."

"मंग दुहेरी अस्तर टाकतो. माणूस मरंन, पण थंडीनं नाही मरणार."

अशा रीतीने मी तयार झालो. चंपतरावांनी मला घालून आरशात पाहिले आणि त्यांची बायको प्रेमिलाबाई म्हणाल्या, "अहो, आत तुम्ही आहात ना?"

जर्मनीत मला फार बरे वाटले. पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे पाहून हसत नव्हते. चंपतरावांना मात्र एकच धास्ती होती, टिपेची. कुणीतरी त्यांना सांगून ठेवले होते की परदेशात जो कुणी सेवा करील त्याच्या हातावर काहीतरी ठेवायचे, नाहीतर हिंदुस्थानची इज्जत जाते. म्हणून माझ्या उजव्या खिशात त्यांनी नाणी भरून ठेवली होती आणि ते सतत त्यात हात घालून बसायचे.

एके दिवशी कारखान्यात मोठे जेवण झाले. निघताना दारापाशी एका पिकल्या केसांच्या गृहस्थाने खुंटीवरून मला काढले, अदबीने उघडून धरले आणि चंपतरावांच्या अंगावर चढवले. चंपतरावांनी खिशातून एक जाडसे नाणे काढले, त्याच्या तळहातावर ठेवले आणि पाठीवर थाप मारली. तो गृहस्थ कारखान्याचा मालक होता. त्याने नाण्याकडे पाहिले, चंपतरावांकडे पाहिले आणि खदखदून हसत ते आपल्या जाकिटाच्या खिशात टाकले. चंपतरावांच्या पाठीला असा घाम फुटला की माझी दोन्ही अस्तरे भिजली.

नागपूरला परतल्यावर ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. बाकी सगळे सांगितले. इतके सांगितले की पुढची अनेक वर्षे महालातून, लकडगंजातून कुणीही परदेशी निघाले की आधी चंपतरावांच्या ओसरीवर येई. मला मागायला येत, कारण शहरात दुसरा ओव्हरकोट शोधायला कोण जाणार? पण मी एकटा कधीच मिळत नसे. माझ्यासोबत सल्ला मिळे.

"टिप म्हणजे भीक नाही, अन् मेहेरबानीही नाही," चंपतराव खुर्चीत मागे रेलून सुरुवात करत. "हॉटेलात शेकडा दहा. हमालाले बॅगेमागे एक नाणं. पण पैसे टेबलावर कधी टाकायचे नाहीत. हातात द्यायचे, डोळ्यात पाहून!"

आतून प्रेमिलाबाई चहा आणत. हे भाषण त्यांना इतके पाठ झाले होते की "डोळ्यात पाहून" आले की कप समोर यायचा.

मग १९७६ साली शेजारच्या सुभद्राबाई आल्या. रुपराव गुरुजींची बायको. नऊवारी लुगडे, कपाळावर रुपयाएवढे कुंकू, अंगणात एक म्हैस. त्यांची एकुलती लेक तारा शिकागोला होती. ताराचे पहिले बाळ हाती लागले नव्हते, आणि तेव्हा तिच्याजवळ आपले माणूस कुणी नव्हते. आता पुन्हा दिवस गेले होते. जावई केशवराव यांनी तिकीट पाठवले होते.

"भाऊजी, मले काहीही करून जायचं हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "व्हिसा कसा भेटते, तेवढं सांगा."

चंपतराव खुलले. जर्मनीचा त्यांचा व्हिसा गिरणीच्या साहेबांनीच आणून दिला होता, पण तो बारीकसा तपशील झाला. त्यांनी सुभद्राबाईंना शिकवले. बाळंतपणाचे नाव काढायचे नाही, नाहीतर त्यांना वाटेल बाई तिकडे दाईचे काम करायला चालली. नायगारा धबधबा बघायला जाते म्हणायचे. दुभाष्या मागायचा नाही, आपण खेड्यातले वाटतो. आणि साहेब जे विचारेल त्याला हसून "येस सर" म्हणायचे.

"अन् कोट घालूनच जा. अंगावर कोट असला की वजन पडते."

ऑक्टोबरच्या मुंबईत मी सुभद्राबाईंच्या लुगड्यावर चढलो. बाह्या त्यांच्या बोटांच्याही पुढे लोंबत होत्या. व्हिसाच्या खिडकीपाशी पोचेपर्यंत घाम त्यांच्या कुंकवातून नाकावर उतरला होता. खिडकीतला साहेब तरुण होता आणि खरे सांगतो, वाईट नव्हता.

नायगारा बघायला जाता? येस सर. जानेवारीत? येस सर. तिकडे कुणी ओळखीचे नाही? येस सर. साहेबाने पेन खाली ठेवले. बाई, तुम्हाला बरे नाही का? येस सर. मग त्याने सावकाश विचारले, काम झाले की परत येणार, की तिथेच राहणार?

सुभद्राबाई गोड हसल्या. "येस सर."

व्हिसा मिळाला नाही.

परतीच्या गाडीत त्यांनी मला मांडीवर घडी घालून ठेवले होते. अकोला गेल्यावर त्यांनी माझ्या कॉलरमध्ये तोंड खुपसले. समोरच्या बाईला वाटले झोप लागली. मला ठाऊक होते काय चालले आहे. लोकरीला खारट पाणी लगेच कळते.

घरी आल्यावर चंपतराव म्हणाले, "तुमचा उच्चार चुकला असंन वहिनी." सुभद्राबाई मला घेऊन आपल्या घरी गेल्या. महिनाभराने त्या कुणालाही न विचारता, गुरुजींना सोबत घेऊन पुन्हा मुंबईला गेल्या. पिशवीत शेताचा सातबारा होता, गुरुजींच्या शाळेचा दाखला होता, केशवरावांचे पत्र होते आणि परतीचे तिकीट होते. मी या वेळी हातावर होतो. खिडकीपाशी पोचताच त्यांनी मराठी बोलणारे माणूस मागितले. एक मुंबईकर मुलगी आली.

परत याल कशावरून, असे साहेबाने विचारले. मुलीने मराठीत सांगितले आणि सुभद्राबाईंचा बांध फुटला.

"काहून नाही येणार वं? तिथं राहून मी करू काय? आमची म्हैस माह्या हाताशिवाय पान्हावत नाही. अन् गुरुजी म्हशीपेक्षा अवघड. ती निदान चारा तोंडापुढं असला तर खाते, गुरुजीले तोही वाढून द्या लागते. पण लेकीचं पहिलं बाळ गेलं तवा ती एकटी होती, बाई. घरात पाणी द्यायले कोणी नव्हतं. आता मले तिच्याजवळ असायचं हाय. बाळ सव्वा महिन्याचं झालं का मी आलीच परत."

"पान्हावत म्हणजे?" मुलीने हळूच विचारले.

सुभद्राबाईंनी मला बाकावर टाकले आणि दोन्ही हातांनी धार काढून दाखवली. साहेब खो खो हसला. मग मुलीने पुढचे सांगितले तेव्हा हसू थांबले. त्याने सातबारा उलटसुलट पाहिला, त्यातले त्याला काय कळले देव जाणे, आणि केशवरावांचे पत्र नीट वाचले. व्हिसा मिळाला. बाहेर आल्यावर गुरुजी म्हणाले, "म्हशीपेक्षा अवघड हे सांगायची काय गरज होती?"

"खरं तेच सांगतलं," बाई म्हणाल्या.

परदेशी जाणाऱ्यांनो, मी बऱ्याच खिडक्या पाहिल्या. पलीकडच्या माणसाला एवढेच कळायचे असते की तुम्ही कशाला चाललात आणि मागे तुमचे काय काय उभे आहे. ते खरे सांगायला इंग्रजी कमी पडले तरी चालते.

शिकागोत ताराला मुलगी झाली. दोघी सुखरूप. त्या दिवशी केशवराव सासूबाईंना दवाखान्यासमोरच्या छोट्या हॉटेलात जेवायला घेऊन गेले. जेवण झाले, ते बशीखाली डॉलर ठेवून गाडी आणायला गेले. सुभद्राबाईंनी ते पाहिले. टेबलावर पैसे कधी टाकायचे नाहीत, हे चंपतरावांचे वाक्य त्यांच्या डोक्यात पक्के होते. जावई आनंदाच्या भरात पैसे विसरले! त्यांनी ते उचलले आणि माझ्या खिशात जपून ठेवले.

मी ओरडू शकत असतो तर ओरडलो असतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेलो. वाढणारी बाई केशवरावांपुढे बशी अशी आदळत होती की सूप माझ्या बाहीवर उडाले. केशवरावांना काही उमगेना. ते तसेच दवाखान्यात गेले. तिथे सुभद्राबाईंनी लेकीसमोर खिशातून डॉलर काढले. "हे घ्या जावईबापू. काल टेबलावर विसरले होते. मी होती म्हणून वाचले."

केशवरावांनी कपाळावर हात मारला. तारा मात्र हसायला लागली. पोट धरून हसली. "आई, नको वं हसवू, टाके दुखून राहिले!" पहिले बाळ गेल्यापासून तिला असे हसताना केशवरावांनी पाहिलेच नव्हते. ते टिपेचे सगळे विसरून नुसते तिच्याकडे बघत उभे राहिले.

टिप म्हणजे तिथे काय, हे कळल्यावर सुभद्राबाई लाजेने अर्ध्या झाल्या. लगेच जाऊन त्यांनी ते डॉलर त्या बाईच्या हातात दिले आणि वर डिंकाचा लाडू ठेवला. केशवरावांनी घडले ते सांगितले. ती बाई हसली. म्हणाली, पगार नावापुरता असतो, घर या पैशांवरच चालते.

"मंग मालकाले काहून लाज वाटत नाही?" सुभद्राबाईंनी विचारले.

मालक शेजारीच उभा होता. केशवरावांनी हे वाक्य इंग्रजीत केले नाही.

बाईने लाडू दाताखाली धरला. "दात सांभाळ वं," सुभद्राबाई मराठीतच म्हणाल्या, आणि का कोण जाणे, तिला ते कळले.

नागपूरला आम्ही परतलो तेव्हा चंपतराव ओसरीवर वाटच बघत होते. "काय वहिनी, टिप बरोबर गेली ना? डोळ्यात पाहून?"

"भाऊजी, तिथं टेबलावरच ठेवतात."

"जर्मनीत..."

"जर्मनीत तसं असंन. देशादेशाची रीत वेगळी. अन् एक सांगू? व्हिसाच्या खिडकीत कोणाले येस येस म्हणायले शिकवू नका."

चंपतरावांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. दारात कप घेऊन उभ्या असलेल्या प्रेमिलाबाई पदरात तोंड लपवून आत गेल्या.

काही वर्षांनी चंपतरावांचा मुलगा वसंत टोरांटोत स्थिरावला. त्याला मुलगा झाला. त्याने आईवडील दोघांनाही बोलावले, पण चंपतरावांच्या छातीत नुकतेच दुखून गेले होते आणि डॉक्टरांनी विमानाला साफ नाही म्हटले. "तू जाय," ते बायकोला म्हणाले. "नातवाले पाहून ये." जन्मात कधी वर्ध्यापलीकडे एकट्या न गेलेल्या प्रेमिलाबाई तयारी करू लागल्या. विचारायचे ते सगळे त्यांनी सुभद्राबाईंना विचारले. चंपतराव पलीकडे वर्तमानपत्र वाचत बसले. पान उलटल्याचा आवाज मात्र येत नव्हता.

गाडीच्या दिवशी ते मला हातावर घेऊन स्टेशनवर आले. मे महिना. लोक वळून वळून बघत होते.

"ऐन वेळेवर थंडी वाजली तं?"

"अहो, तिथंही उन्हाळा हाय. अन् हे ओझं मी नाही नेत," प्रेमिलाबाई म्हणाल्या. सुभद्राबाई मुंबईपर्यंत सोबत होत्या. हमालाने सामान आत लावले. गाडी हलली. खिडकीतून प्रेमिलाबाईंनी हात बाहेर काढला, चंपतराव थोडे चालले, मग दम लागून थांबले.

हमाल समोर आला. आयुष्यभर चार-चार आण्यांसाठी हुज्जत घालणाऱ्या चंपतरावांनी खिशात हात घातला आणि हाताला लागले ते त्याला दिले. त्याच्याकडे पाहिलेही नाही.

"साहेब, हे लय जास्त झालं."

"राहू दे गा," चंपतराव म्हणाले. डोळे पुसायला रुमाल सापडला नाही, म्हणून माझी बाही वापरली.

प्रेमिलाबाई पावसाळ्यात परत आल्या. आता ओसरीवर त्या सांगतात आणि चंपतराव ऐकतात. मधूनच "जर्मनीत..." असे सुरू करतात आणि स्वतःच थांबतात. मला न्यायला आता कुणी येत नाही. पोरे नायलॉनची हलकी जाकिटे घेतात. माझ्या कॉलरला कसर लागली आहे.

पण परवा प्रेमिलाबाईंनी मला गल्लीत शिवणकाम करणाऱ्या सिंधूताईंच्या मशीनवर आणून टाकले आणि टोरांटोहून सुतळीला गाठी मारून आणलेले नातवाचे माप त्यांना दाखवले. माझ्यातून एक छोटा कोट निघणार आहे. या क्षणी माझ्या पाठीवर खडूच्या रेघा आहेत आणि सिंधूताई कात्रीला धार लावून राहिल्या आहेत.

मला भीती नाही. कापडाला व्हिसा लागत नाही, आणि बर्फात पोराला ऊब द्यायची म्हणजे माझ्या जातीला शोभेल असेच काम. फक्त एक विनंती आहे सिंधूताई. खिसे ठेवा. चांगले खोल ठेवा. पोरांचे हात लवकर गार पडतात.